खुडूक कोंबडी : बसवावी की उठवावी?

घरी पाच-दहा कोंबड्या बाळगणाऱ्या कुटुंबात वर्षातून दोन-तीन वेळा तरी हा प्रश्न उपस्थित होतो. कालपरवापर्यंत नियमाने अंडी देणारी कोंबडी एके दिवशी टोपलीतून उठेनाशी होते. पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून ती जागच्या जागी बसून राहते. हात जवळ नेला तर टोचते. उचलून अंगणात ठेवली तर घोगरा आवाज काढीत एक फेरी मारते आणि पुन्हा टोपली गाठते. तिचा तुरा फिकट पडतो, पोटाखालची पिसे विरळ होतात, आणि दिवसातून एखादे वेळी ती बाहेर आली म्हणजे जी विष्ठा टाकते ती नेहमीपेक्षा मोठी व अतिशय दुर्गंधीयुक्त असते. कोंबडी खुडूक झाली हे घरातील लहान मूलदेखील ओळखते. पुढे काय करावयाचे, याविषयी मात्र एकमत नसते. आजी म्हणते बसवा, दुसरे कोणी म्हणते पाण्यात बुडवून काढा, आणि या घोळात आठ-दहा दिवस सहज निघून जातात. तेवढ्या काळात कोंबडी रिकाम्या टोपलीत झिजत असते; अंडी मिळत नाहीत ती नाहीतच, आणि पिलेही मिळत नाहीत.

हे नुकसान सर्वस्वी टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी कोंबडी खुडूक झाल्याचे दिसताच दोन दिवसांच्या आत एक काहीतरी ठरवावयास हवे : तिला रवणीस बसवावयाची, की उठवावयाची. दोन्ही मार्ग चांगले आहेत. वाईट आहे ती मधली स्थिती.

खुडूकपणा हा रोग नव्हे

खुडूक होणे हा कोंबडीचा दुर्गुण नाही, आणि आजारही नाही. आपल्या पाळीव कोंबडीची मूळ पूर्वज म्हणजे रानातील तांबडी रानकोंबडी. ती वर्षभर अंडी घालीत नाही. एक घरटेभर अंडी झाली की ती घालणे थांबविते व त्यांवर बसते. हीच प्रवृत्ती आपल्या गावठी कोंबडीत अद्याप शाबूत आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचा एक संप्रेरक रक्तात वाढू लागला म्हणजे अंडाशयाचे काम मंदावते, पोटाची कातडी उघडी व उष्ण होते आणि कोंबडीस बसण्याची ओढ लागते. गाईच्या कासेत दूध तयार होण्याच्या कामी हाच संप्रेरक उपयोगी पडतो, हे पशुपालकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. अंधारी जागा, ऊब, आणि पोटाखाली सतत होणारा अंड्यांचा स्पर्श यांनी ही ओढ बळावते. म्हणून ज्या घरी अंडी रोजच्या रोज उचलली जात नाहीत, तेथे कोंबड्या अधिक वेळा खुडूक होतात.

गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी का देते, याचे उत्तरही येथेच आहे. ती तीन आठवड्यांत सुमारे पंधरा अंडी घालते. पुढील तीन आठवडे त्यांवर बसते. आणि नंतर सुमारे आठ आठवडे पिले सांभाळते. एक फेरा चौदा आठवड्यांचा झाला. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणजे फेरे जेमतेम पावणेचार. आणि अंडी साठाच्या आत-बाहेर. कोंबडी आळशी नाही, तिचा वेळ मातृत्वात जातो. व्हाइट लेगहॉर्न जातीत पिढ्यान् पिढ्या निवड करून हा खुडूकपणा जवळजवळ नाहीसा करण्यात आला आणि त्यामुळेच ती जात वर्षाला अडीचशेहून अधिक अंडी देऊ शकते. परसातील पालनासाठी अलीकडे दिल्या जाणाऱ्या वनराजा, गिरिराज यांसारख्या सुधारित कोंबड्याही सहसा खुडूक होत नाहीत. कडकनाथ कोंबडीही क्वचितच रवणीस बसते. याउलट असील व गावठी कोंबड्या उत्तम बसतात आणि पिलांसाठी घारीच्या अंगावर धावून जाण्यासही कचरत नाहीत.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. सुधारित कोंबड्या आणल्या म्हणून घरच्या सगळ्या गावठी कोंबड्या विकून टाकणे शहाणपणाचे नाही. दोन-तीन खात्रीच्या गावठी कोंबड्या राखल्यास उबवणी यंत्र, वीज वा तेल यांवाचून घरची पिले घरी तयार होतात. मात्र संकरित कोंबड्यांची अंडी उबवून निघालेल्या पिढीत मूळच्याइतके अंड्यांचे उत्पादन उतरत नाही, हे जाणून असावे. त्या जातीची पिले हवी असतील तर ती शासनाच्या अंडी उबवणी केंद्रातून नव्याने आणणे हाच सरळ मार्ग होय.

निर्णय कशावर ठरवावा

बसवावयाची असेल तर काही गोष्टी आधी पाहाव्यात. कळपात कोंबडा आहे काय? नसल्यास अंडी फलित नसतात, आणि एकवीस दिवस बसूनही त्यांतून काही निघावयाचे नाही. दहा कोंबड्यांमागे एक तरुण, निरोगी कोंबडा पुरेसा असतो. कोंबडी अंगाने भरलेली आहे काय? उबवणीच्या काळात तिचे वजन बरेच घटते. आधीच रोड असलेली कोंबडी बसविणे म्हणजे तिचा जीव धोक्यात घालणे होय. तिने पूर्वी अंडी फोडली वा अर्ध्यावर टाकली असतील, तर तिच्यावर पुन्हा विसंबू नये.

आणि ऋतू कोणता? आपल्याकडे दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ रवणीस सर्वांत चांगला. हवा थंड व कोरडी असते, खळ्यावर दाणा पडलेला असतो आणि पिले उन्हाळ्यापूर्वी अंग धरतात. एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, घरात ठेवलेली अंडी कोंबडीखाली जाण्यापूर्वीच बिघडतात. याचे कारण असे की, सुमारे २५ अंश सेल्सियसच्या वर उष्णता गेली की फलित अंड्यातील जीव हळूहळू वाढू लागतो. परंतु ती वाढ पुरी होण्याइतकी नियमित ऊब त्यास मिळत नाही, आणि तो मरतो. पावसाळ्यात निघालेल्या पिलांना ओल बाधते व रक्ती हगवण लागते. या दोन्ही ऋतूंत खुडूक कोंबडी उठविलेली बरी.

उठविण्याची रीत

खुडूक कोंबडीस थंड पाण्यात बुडविणे, तिच्या नाकपुडीतून पीस आरपार घालणे, पाय बांधून उन्हात टाकणे असे उपाय कित्येक ठिकाणी केले जातात. ते क्रूर तर आहेतच, शिवाय अनावश्यक आहेत. बुडविलेली कोंबडी थंडीने आजारी पडते, आणि पीस घातलेली कोंबडी चारा टिपू शकत नाही.

जी गोष्ट साधावयाची ती एवढीच : पोटाखालची ऊब व अंधार काढून घेणे. त्याकरिता बांबूच्या कामट्यांचा अथवा तारेच्या जाळीचा तळ असलेला पिंजरा घ्यावा आणि तो चार विटांवर उचलून किंवा आढ्याला टांगून ठेवावा, म्हणजे खालून वारा लागतो. आत पेंढा, गोणपाट, टोपली असे काहीही असू नये. पिंजरा उजेडात पण सावलीत असावा. दाणा व पाणी भरपूर द्यावे; उपाशी ठेवण्याचे काही कारण नाही. पहिल्या दोन दिवसांतच असे केले तर तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्या निवळतात, आणि साधारण एक-दोन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येतात. कोंबडी दहा-बारा दिवस बसून राहिल्यावर मग उठवू गेल्यास तिला दुप्पट वेळ लागतो. सोडल्यावर ती पुन्हा टोपलीकडे धावली, तर आणखी दोन दिवस आत ठेवावी.

रवणीस बसविणे

येथे घाई करू नये. उत्तम कोंबडी असूनही पिले कमी निघाली, तर दोष बहुधा अंड्यांच्या निवडीत वा साठवणीत असतो, आणि बोल मात्र कोंबडीला लागतो. अंडी मध्यम आकाराची, स्वच्छ व जाड कवचाची घ्यावीत. फार मोठ्या अंड्यात दोन बलक असण्याचा संभव असतो, त्यातून पिलू सुखरूप निघत नाही. मळलेली अंडी धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरील नैसर्गिक लेप जातो व घाण छिद्रांवाटे आत शिरते. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, आणि उष्ण दिवसांत तीन-चार दिवसांपेक्षाही नसावीत. ती चुलीजवळच्या फळीवर न ठेवता घरातील थंड कोपऱ्यात ओलसर वाळूवर मातीचे मडके मांडून त्यात निमुळते टोक खाली करून ठेवावीत.

गावठी कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरतात. लोभाने अठरा-वीस अंडी घातली तर कडेची अंडी थंड पडतात. कोंबडी ती आत ओढते, तेव्हा दुसरी बाहेर जातात, आणि अशा अदलाबदलीत सगळीच बिघडण्याची भीती असते. प्रत्येक अंड्यावर कोळशाने वा पेन्सिलीने खूण करावी. दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत येऊन अंडी घालतात. खूण असली म्हणजे उपरी अंडी रोज काढून घेता येतात.

टोपली सुमारे ३५ ते ४० सेंटिमीटर रुंद व उथळ असावी. तळाशी माती वा वाळूचा थर देऊन मध्ये किंचित खोलगट करावे आणि वर वाळलेला पेंढा व कडुनिंबाचा पाला पसरावा. उवा व गोचिडी हे बसलेल्या कोंबडीचे खरे वैरी. लाल गोचीड दिवसा भिंतीच्या फटीत दडते व रात्री रक्त शोषते. तिच्या त्रासाने चांगली कोंबडी रवणीवरून उठून जाते आणि मग कोंबडी लहरी आहे असे आपण म्हणतो. म्हणून बसविण्यापूर्वी खुराड्याच्या फटी लिंपाव्यात, आणि कोंबडीस राखेत व कोरड्या मातीत मनसोक्त लोळू द्यावे. टोपलीत लोखंडाचा तुकडा वा कोळसा ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत हा त्यामागील समज. त्याने अपाय होत नाही, परंतु गोचीड काढल्याचे पुण्य त्यात नाही.

कोंबडी नव्या जागी न्यावयाची ती रात्री न्यावी. प्रथम दोन दिवस तिच्याखाली दोन-तीन टाकाऊ अंडी वा अंड्याएवढे गुळगुळीत दगड ठेवावेत. ती शांत बसली म्हणजे तिसऱ्या रात्री निवडलेली सर्व अंडी एकाच वेळी घालावीत. रोज एक-एक अंडे वाढवीत जाणे चूक आहे, कारण मग पिले वेगवेगळ्या दिवशी फुटतात. पहिली पिले निघाली की आई त्यांना घेऊन उठते, आणि मागे राहिलेली अंडी पिलांसह गार होतात.

यापुढे एकवीस दिवस कोंबडीचेच काम. ती अंड्यांस सुमारे ३७.५ अंशांची ऊब देते, चोचीने व पोटाने त्यांची बाजू पुनःपुन्हा पालटते, आणि दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठून खाते, पिते व विष्ठा टाकून परत येते. एवढ्या वेळाने अंडी गार होतात म्हणून घाबरू नये. ते निसर्गाच्या हिशेबात धरलेलेच आहे. काही कोंबड्या मात्र उठतच नाहीत व टोपलीतच मरणप्राय होतात. अशा कोंबडीस रोज ठरावीक वेळी हलक्या हाताने उचलून दाण्यापाशी ठेवावे. पंखाखाली अंडे अडकलेले नाही ना, हे आधी पाहावे. ज्वारी, मका, गहू असा अख्खा दाणा द्यावा. हिरवा पाला व ओले अन्न दिल्यास हगवण लागून रवण खराब होते. पाणी जवळ, सावलीत व नेहमी ताजे असावे. हवा फार कोरडी असेल तर टोपलीखालची जमीन ओलसर राखावी.

सातव्या रात्री अंडी उजेडासमोर धरून पाहावीत. हातविजेरीचा अथवा भ्रमणध्वनीचा दिवा अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाशी धरला की पुरे. मध्ये काळा ठिपका व त्यापासून कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्या दिसल्या, तर जीव आहे. अंडे काचेसारखे स्वच्छ दिसले तर ते फलित नव्हते. रक्ताचे नुसते वलय दिसले तर जीव मेलेला आहे. अशी अंडी काढून टाकावीत, नाहीतर नासलेले अंडे फुटून इतरांवर घाण पसरते. हे काम मुलांसमवेत करावे. अंड्याच्या आत धडधडणारा कण एकदा पाहिलेले मूल कोंबडीस पुन्हा दगड मारीत नाही. अठराव्या दिवसानंतर मात्र अंड्यांस हात लावू नये.

एकाच दिवशी दोन कोंबड्या बसविण्याची संधी आली तर ती दवडू नये. सातव्या दिवशी वांझ अंडी वगळल्यावर उरलेली बहुधा एकीखाली मावतात, आणि दुसरीला नवी अंडी देता येतात. अथवा दोघींची पिले निघाल्यावर रात्रीच्या अंधारात ती सर्व एकीच्या पंखाखाली सरकवावीत, आणि दुसरीला उठवून अंड्यावर आणावी. सकाळी मोजदाद करण्याची कोंबडीस सवय नाही.

कोंबडीखाली बदकाची अंडीही उबतात. त्यांस साधारण अठ्ठावीस दिवस लागतात. पुढे ती पिले डबक्यात शिरून पोहू लागली म्हणजे काठावर आईची जी तारांबळ उडते ती पाहून हसू येते, आणि थोडी दयाही.

पिले निघाल्यावर

विसाव्या दिवसापासून कवचाआडून चिवचिव ऐकू येते व कोंबडी हळू आवाजात तिला उत्तर देते. पिलू कवच फोडण्यास कित्येक तास घेते, मध्ये थांबते, पुन्हा टोचते. त्यास मदत म्हणून आपण कवच सोलू नये. आतील रक्तवाहिन्या सुकलेल्या नसल्यास पिलू रक्तस्रावाने मरते. रिकामी कवचे काढीत जावे. पोटात शोषून घेतलेल्या बलकावर पिलू एक-दोन दिवस तग धरते, यास्तव पहिल्या दिवशी खाऊ घालण्याची धांदल नको.

नंतर तांदळाच्या कण्या, ज्वारी-मक्याची बारीक भरड द्यावी. पाणी उथळ ताटलीत द्यावे व तीत खडे घालावेत, कारण नवजात पिलू बोटभर पाण्यातही बुडून मरते. पहिले दोन-तीन आठवडे आईसह पिले डालग्याखाली ठेवली तर घार, कावळा, मांजर व मुंगूस यांपासून बचाव होतो. दाण्याच्या जोडीला वाळवी मिळाली तर पिले झपाट्याने वाढतात : मातीच्या मडक्यात ओला पेंढा व शेण भरून ते वारुळाजवळ पालथे घालावे, दुसऱ्या दिवशी मडके वाळवीने भरलेले आढळते.

सगळ्यांत मोठी काळजी मानमोडीची. हा रोग हिंदुस्थानात प्रथम १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊँमधील राणीखेत येथे ओळखला गेला, म्हणून त्यास राणीखेत असेही म्हणतात. हिरवट हगवण, धाप, मान वाकडी होणे ही त्याची लक्षणे; औषध नाही, आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. लस हाच उपाय. पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात वा नाकात थेंब, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी, असा क्रम पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगितला जातो. अडचण अशी की लशीची एक बाटली शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांसाठी असते आणि एकदा कालवल्यावर ती एक-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिलांसाठी बाटली फोडणे कोणास परवडत नाही, आणि म्हणून घरच्या कोंबड्या लशीवाचून राहतात. यावर तोड म्हणजे आळीतील पाच-सहा घरांनी कोंबड्या एकाच आठवड्यात रवणीस बसविणे. पिले एकदम निघतात, आणि एका सकाळी सर्वांची लस होते. बचतगटातील स्त्रियांना हे जमविणे अवघड नाही.

बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवल्यावाचून कळपात सोडू नये, आणि पिलांच्या आईजवळ तर मुळीच नको. कोंबड्या एकाएकी मोठ्या संख्येने मरू लागल्यास त्या खाऊ, विकू वा ओढ्यात टाकू नयेत. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास त्याच दिवशी कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा मोठ्या कुक्कुटशाळांबरोबर परिसरातील घरगुती कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या.

दीड-दोन महिन्यांनी आई पिलांना टोचून दूर सारू लागते. मुलांना हे निष्ठुर वाटते. पण तिचा तुरा पुन्हा लाल होऊ लागल्याची ती खूण होय. पिलांस पिसे फुटलेली असतील आणि रात्रीच्या उबेची व्यवस्था असेल तर ती तीन-चार आठवड्यांची असतानाच आईपासून वेगळी काढता येतात, म्हणजे चौदा आठवड्यांचा फेरा दहावर येतो व वर्षाला एक रवण अधिक मिळते. थंडीच्या दिवसांत मात्र ही घाई करू नये. वेगळी केल्यानंतर आईस आठवडाभर चांगला दाणा व शिंपल्यांचा चुरा द्यावा, टोपलीतील जुना पेंढा जाळून नवा घालावा, आणि पहिले अंडे दिसताच ते त्याच दिवशी उचलावे.